ऑफिसच्या गणपतीला आरतीचं ताट धरायला सांगितलंय, मला करायचं नाही पण आपलीच माणसं म्हणतात कशाला ताणतोस

नगरी_पोर:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, सध्या नोकरीसाठी पुण्यात. आमच्या ऑफिसात गणपती बसतो आणि रोजची आरती एकेका टीमकडे असते. यंदा आमची पाळी आली आणि लीडने ग्रुपवर टाकून दिलं की ताट मी धरायचं. त्याच्या मनात वाईट काही नाही, उलट हा पण आपलाच ह्या भावनेनं केलंय हे मला कळतं. डेकोरेशनला मी रात्री थांबतो, महाप्रसादाच्या दिवशी वाढायला उभा राहतो, त्यात मला आनंदच आहे. पण मूर्तीसमोर ओवाळणं म्हणजे माझ्यासाठी उपासना झाली आणि ती मी एकाच देवाची करतो.

खरं सांगू का, ऑफिसवाल्यांचं एवढं टेन्शन नाही. त्रास होतोय तो आपल्याच लोकांचा. चुलतभाऊ, तरुण संघातले मित्र, सगळे म्हणतात अरे आम्ही पण करतो, मनात येशूचं नाव घ्यायचं आणि ताट फिरवायचं, एवढ्यासाठी कट्टर म्हणून शिक्का कशाला मारून घेतोस. एकाने तर बायबलमधल्या नामान सेनापतीचं उदाहरण दिलं, २ राजे पुस्तक, अध्याय ५, की तो अरामच्या राजाबरोबर रिम्मोन ह्या तिथल्या देवाच्या देवळात वाकायचा आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हणून सांगितलं. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. सगळेच एक बोलत असले की आपलंच काही चुकतंय का असं वाटायला लागतं राव. आणि प्रसादाचं काय करायचं तेही सांगा, त्यावर तर घरात पण एकमत नाही.

वसईकरीण:
दादा, आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे थोडं वेगळं बोललं जातं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांविषयी घोषणापत्र काढलं, त्यात म्हटलंय की त्या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. म्हणून आरती चालू असताना मी शांत उभी राहते, मोबाईल काढत नाही, निघून जात नाही. पण ताट मी पण घेत नाही. आदर करायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, माझं लहानपणच हिंदू शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं, पण आदर आणि भक्ती ह्यात फरक आहे आणि तो समोरच्याला पण कळतो हो, आपण उगाच घाबरतो.

प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात ८ आणि १० व्या अध्यायात लिहिलंय ते नीट वाच, घाईत वाचू नको. करिंथमध्ये बाजारातल्या मांसात देवळात वाहिलेलं मांस पण असायचं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न रोजच्या जेवणात होता. तो म्हणतो बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा, पण हे वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मी ह्यातून असं घेतलंय की शेजारच्या काकूंनी डब्यातून मोदक पाठवले तर मी खाते, आणि आरतीनंतर प्रसाद म्हणून हातावर ठेवायला लागले तर हात जोडून नको म्हणते. माझी नणंद दोन्ही खात नाही. ह्यावरून आमच्यात कधी भांडण झालं नाही, पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये असं सरळ आहे.

केडगावकर:
नामानाचं आधी बोलतो कारण तो अध्याय लोक अर्धाच सांगतात. नामान वाकायचा ते राजा त्याच्या हातावर टेकायचा म्हणून, आणि तो स्वतःच म्हणतो की ह्या गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी. म्हणजे त्याला ते टोचत होतं. शिवाय त्याच वेळी तो दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागून घेतो आणि सांगतो की इथून पुढे दुसऱ्या कुठल्या देवाला होमबली अर्पण करणार नाही. ज्याला काही टोचतच नाही त्याने नामानाच्या मागे लपू नये असं माझं स्पष्ट मत. तुझ्या भावाला हे वाचून दाखव, पण भांडू नकोस.

आता दुसरं. मी दौंडजवळच्या केडगावचा, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जिथं आहे तिथला, त्यामुळे बाईंबद्दल लांबलचक लिहिणार, चालवून घ्या. १८८३ साली विलायतेत वाँटेजला त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला आणि इकडे महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला. पुढे १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, मग पुण्यात आणलं. तिथं विधवा मुलींना आपापला धर्म पाळायची पूर्ण मोकळीक होती. बाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं, काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. त्यावरून केसरीने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे ज्यांनी सुरुवातीपासून साथ दिली ते लोक पण सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावून घेतलं असतं तर बहुतेक सगळं निभावलं असतं. नाही लावलं. आणि कुणावर जबरदस्ती पण केली नाही, हे दोन्ही एकदम करणं किती अवघड आहे ते विचार कर.

पण मला त्यांची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते आणि ती आपल्या चर्चमध्ये कमी सांगतात. विलायतेतल्या सिस्टर लोकांपुढे, म्हणजे तिथल्या मठातल्या नन्सपुढे पण बाई वाकल्या नाहीत. बाप्तिस्मा घेतल्यावर सुद्धा शाकाहारीच राहिल्या, सिस्टरांना तो जातीचा अभिमान वाटायचा. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हा वाद घातला. त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ह्या शिकवणीवर, मनात शंका होती ती पत्रातून उघड लिहिली, शिकवलं ते गुपचूप मान्य केलं नाही. विलायतेतच चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा इकडच्या बिशपांनी नको म्हटलं, त्यावर पण बाईंनी खडसावून उत्तर दिलं. म्हणजे इकडे समाज एका बाजूला, तिकडे आपलंच चर्च, आणि मध्ये पंचविशीतली विधवा, लहान मुलगी कडेवर, पैसा नाही, आणि राहायला-शिकायला त्याच सिस्टरांचा आधार. तुला आपल्याच लोकांचा त्रास होतोय ना, तो काही नवीन नाही, बाईंच्या पत्रांमध्ये हे पानोपानी आहे. मला वाटतं श्रद्धा पक्की आहे का ह्याची खरी परीक्षा आपल्याच माणसांत होते, कारण बाहेरच्यांपुढे ठाम राहायला निदान आपल्या लोकांची शाबासकी मिळते, इथे ती पण नसते.

मंडळाचा_कार्यकर्ता:
मी हिंदू आहे, आमच्या पेठेतल्या मंडळात बरीच वर्षं काम करतोय, बोललो तर चालेल ना. मला तुझं म्हणणं पटलं. खरं तर मनात दुसरं काहीतरी म्हणत कुणी आमच्या बाप्पाची आरती करावी हे मला स्वतःला आवडणार नाही, त्यापेक्षा तू बाजूला उभा राहिलास तर मला जास्त बरं वाटेल. फक्त एक कर, ऐनवेळी सगळ्यांसमोर ताट नाकारू नकोस, त्याने लीडची पंचाईत होते आणि बघणाऱ्याला अपमान वाटतो. आधी त्याला एकट्याला गाठ, चहा घेताना सांग की दादा हे माझ्या उपासनेचं आहे, बाकी कुठलंही काम दे. आमच्याकडे एक मुस्लिम मुलगा दरवर्षी मिरवणुकीत ट्रॅफिक सांभाळायला असतो, आरतीला लांब उभा राहतो, त्याला कुणी कधी विचारलं नाही.

कोर्टकचेरी:
कायद्याचं थोडक्यात सांगते. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये विवेकाचं स्वातंत्र्य आहेच, पण तुझ्या प्रश्नाच्या जवळची केस म्हणजे बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, सुप्रीम कोर्ट, १९८६. यहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण श्रद्धेमुळे गायची नाहीत, त्यांना शाळेतून काढलं. हायकोर्टात हरले. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उभं राहिले म्हणजे अनादर नाही, गायला लावणारा कायदा नाही, आणि त्यांना काढणं हे कलम १९(१)(क), म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य, आणि २५ च्या विरुद्ध आहे, त्यांना परत घ्या. त्यांची श्रद्धा बहुसंख्यांना पटते का हा प्रश्नच कोर्टाने महत्त्वाचा मानला नाही, ती मनापासूनची आहे ना एवढं पाहिलं. ती केस सरकारविरुद्ध होती आणि तुझी कंपनी खाजगी, त्यामुळे ती जशीच्या तशी लागू होईल असं समजू नको. तशी वेळ यायची पण गरज नाही, वरच्या दादांनी सांगितलं तसं आधी बोलून घे.

नगरी_पोर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज लंच नंतर लीडला गाठलं, तो म्हणाला अरे मग आधी बोलायचं ना, आणि ताट दुसऱ्याला दिलं, मला साऊंड आणि पार्किंग दिलंय. प्रसादाचं मी वसईकरीण ताईंसारखंच करणार. भावाशी रविवारी उपासनेनंतर बोलतो, २ राजे ५ पूर्ण वाचूया म्हणतो दोघं मिळून. केडगावकर, बाईंची ती पत्रं मराठीत कुठे मिळतील का? आईला वाचायची आहेत, तिला इंग्रजी जमत नाही.

केडगावकर:
मिशनमध्ये चौकशी करून कळवतो. आईंना घेऊन एकदा केडगावला ये, दौंड लोकलने येता येतं, बाईंची कबर पण इथेच आहे.