मदत हवी आहे: रात्री नांगरावर यॉट लोळते, मागचा नांगर टाकावा का?

चार्टरची यॉट २४ मीटरची. खाडी वाऱ्यापासून आडोशाची, तळ वाळूचा. ओहोटीला पाणी ६ मीटर, भरतीला आणखी २, पाण्यापासून नाळेची (यॉटच्या पुढच्या टोकाची) उंची दीड; म्हणजे साडेनऊच्या पाचपट, साधारण ४८ मीटर साखळी. फिरायला यॉटची लांबी धरून सत्तरेक मीटर त्रिज्या मोकळी आहे.

अडचण वेगळीच. भूशिराला वळसा घालून स्वेल, म्हणजे दूरच्या समुद्रातून येणारी लांब लाट, आत येतो. रात्री वारा पडला की यॉट त्याला आडवी होते, टेबलावरचे ग्लास घरंगळतात. पाहुण्यांची झोप गेली की आडोसा कागदावरच!

मागचा नांगर टाकून नाळ स्वेलकडे धरावी, तर आडवा वारा सुटल्यावर दोन्ही नांगरांवर ताण येतो, शिवाय शेजारच्या बोटी फिरतात, आपण नाही. त्यापेक्षा यॉटच्या मागच्या बाजूने साखळीला दोर बांधून स्वेलशी कोन साधणं बरं का? दोर किती लांब ठेवता?