1912 ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक: राज्यवार तक्त्याची बेरीज जुळत नाही

दांडियाबाजार: सयाजीराव महाराजांनी बोलावलेले अमेरिकन ग्रंथपाल बोर्डनसाहेब बडोद्यात ग्रंथालयांची घडी बसवत होते, तेव्हा त्यांच्या देशात काय चाललं होतं, याचा भिंतीवर लावायचा तक्ता करतोय. 48 राज्यं, 48 ओळी. राज्य, जिंकलेला उमेदवार, इलेक्टर (राज्यातून निवडून येऊन अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी), एवढे तीनच रकाने. बेरीज येते विल्सन (डेमोक्रॅट) 433, थिओडोर रूझवेल्ट (रिपब्लिकन पक्षातून फुटून उभा राहिलेला) 90, टॅफ्ट (रिपब्लिकन) 8. छापील आकडे मात्र 435, 88 आणि 8. एकूण दोन्हीकडे 531 च. दोन मतं गेली कुठे?

रावपुरा: कॅलिफोर्नियात. तुम्ही तिथले तेराच्या तेरा रूझवेल्टला दिलेत. त्याला मिळाले 11, विल्सनला 2.

त्या काळी मतपत्रिकेवर इलेक्टरांची नावं एकाखाली एक असत आणि मतदार प्रत्येक नावावर वेगळी खूण करू शके. काही जण पहिल्याच नावावर खूण करून थांबत, काही जण मधलं एखादं नाव गाळत. त्यामुळे एकाच पक्षाच्या इलेक्टरांना सारखी मतं पडत नसत. कॅलिफोर्नियात रूझवेल्ट 2,83,610, विल्सन 2,83,436, म्हणजे फरक अवघ्या 174 मतांचा. इतकी चुरस असली की यादी फुटू शके, म्हणजे एकाच राज्यात दोन्ही पक्षांचे इलेक्टर निवडून येत.

म्हणून ‘जिंकलेला उमेदवार’ हा रकानाच काढा. प्रत्येक उमेदवाराला इलेक्टरांचा स्वतंत्र रकाना द्या आणि प्रत्येक ओळीची आडवी बेरीज त्या राज्याच्या कोट्याशी ताडून बघा. पुढेमागे 1904 आणि 1908 चे तक्ते केलेत तर मेरीलँड असंच अडवेल (1904 मध्ये पार्कर 7, रूझवेल्ट 1, 1908 मध्ये ब्रायन 6, टॅफ्ट 2). 1916 ला वेस्ट व्हर्जिनिया आहे, ह्यूज 7, विल्सन 1.

दांडियाबाजार: जुळलं! आता रूझवेल्टची राज्यं अशी: पेनसिल्व्हेनिया 38, मिशिगन 15, मिनेसोटा 12, कॅलिफोर्निया 11, वॉशिंग्टन 7, साउथ डकोटा 5. बरोबर 88. टॅफ्टची युटा आणि व्हरमाँट, 4 आणि 4. पण प्रत्यक्ष मतांच्या रकान्यात कॅलिफोर्नियात टॅफ्टला फक्त 3,914 दिसतात. देशाचा अध्यक्ष असताना? एखादा अंक गळालाय का?

मांडवी: नाही, आकडा बरोबर आहे. तिथली रिपब्लिकन संघटना रूझवेल्टवाल्यांच्या हातात होती, त्यामुळे पक्षाच्या नावाखाली इलेक्टर उभे राहिले तेही त्याचेच. टॅफ्टची ती मतं लोकांनी नाव हाताने लिहून दिलेली आहेत. साउथ डकोटात टॅफ्टचे इलेक्टर नव्हतेच, ओक्लाहोमात रूझवेल्टचे नव्हते. या दोन घरांत शून्य लिहू नका, आडवी रेघ मारा. शून्य म्हटलं की वाचणारा समजतो, उभा राहिला आणि कोणी विचारलंच नाही.

प्रत्यक्ष मतं घेताना आणखी एक जपा. काही ठिकाणी यादीतल्या सर्वाधिक मतांच्या इलेक्टरचा आकडा घेतात, काही ठिकाणी सगळ्यांची सरासरी. एका राज्याला एक आणि दुसऱ्याला दुसरी पद्धत लावलीत तर टक्केवारी थोडी थोडी हलते आणि चूक सापडता सापडत नाही. एकच पद्धत धरा आणि तक्त्याखाली तसं लिहा.

रावपुरा: 435 चाही घोळ होतो. विल्सनची इलेक्टर मतं 435 आणि त्याच वेळी प्रतिनिधीगृहाच्या जागाही 435, हा निव्वळ योगायोग. राज्याचे इलेक्टर म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून त्याच्या जागा, म्हणून 435 मध्ये सिनेटच्या 96 मिळवा, 531 झाले. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको याच वेळी पहिल्यांदा मतदानाला आले, प्रत्येकी 3.

नकाशा रंगवणार असाल तर कृपा करून फक्त जिंकलेल्याचा रंग भरू नका. विल्सनला 40 राज्यं मिळाली, पण मतं सुमारे 42 टक्के. निम्म्याहून जास्त मतं त्याला फक्त दक्षिणेतल्या, यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या 11 जुन्या बंडखोर राज्यांत पडली, आणि तिथे मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा असल्या अटी घालून काळ्या नागरिकांना मतपेटीपासून दूर ठेवलं होतं. साउथ कॅरोलिनात एकूण मतदान जेमतेम 50 हजार, इलेक्टर 9. वॉशिंग्टन राज्यात 3 लाख 20 हजारांच्या वर, इलेक्टर 7. तिथे बायकाही मत देत होत्या. एकूण मतदानाचा रकाना इलेक्टरांच्या शेजारीच ठेवा, म्हणजे हे उभ्या उभ्या दिसेल.

मांडवी: उपाध्यक्षांचा तक्ता जोडणार असाल तर टॅफ्टच्या ओळीत त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार शर्मन लिहू नका. तो 30 ऑक्टोबरला, मतदानाच्या सहा दिवस आधी वारला. ती 8 मतं निकोलस मरे बटलरच्या नावावर पडली.