छोट्या गोल्ड मायनिंग कंपनीचा खरा प्रॉडक्शन कॉस्ट कसा काढायचा?

नवशिका_गुंतवणूकदार:
नमस्कार मंडळी, एका छोट्या सोन्याच्या खाण कंपनीचे शेअर घेतलेत, एकच खाण आहे तिची. रिपोर्टात कॅश कॉस्ट (सोनं काढायचा रोजचा रोख खर्च) औंसला १,१५० डॉलर लिहिलाय, सोनं तर त्याच्या दुपटीहून जास्त भावाने विकतायत, म्हणजे नफा रग्गड हवा ना, पण बँकेतली शिल्लक दर तिमाहीला कमीच होतेय. मी कुठे चुकतोय? हिशोब शून्यापासून कसा मांडायचा ते कुणी सांगेल का प्लीज

हिशोबी_माणूस:
आधी त्यांचा औंसचा आकडा बाजूला ठेवा आणि टनावर या, कारण खाणीत खर्च दगडावर होतो, सोन्यावर नाही. उदाहरणापुरते आकडे घेऊ. रोज १,००० टन, वर्षाला ३५० दिवस, म्हणजे ३,५०,००० टन. ग्रेड (दगडात असलेलं सोनं) टनाला ४ ग्रॅम, रिकव्हरी (त्यातलं हाती लागणारं) ९० टक्के, तर सोनं निघालं १२,६०,००० ग्रॅम. त्याला ३१.१ ने भागा (ट्रॉय औंस, साधा २८.३५ वाला नाही, इथे बरेच जण चुकतात), साधारण ४०,५०० औंस. आता टनाला खणाई ११०, मिलिंग (दगड दळून सोनं वेगळं करणं) ३५, साइटचा इतर खर्च २० असे १६५ डॉलर धरले तर औंसला पडले १,४२५ च्या आसपास.
आता ग्रेड ३.४ करून बघा. दगड तेवढाच, डिझेल तेवढंच, पगार तेवढेच, पण औंस ३४,४०० आणि कॉस्ट थेट १,६७५ च्या वर. यात वर्षाचे ८ मिलियन खाण चालू ठेवायला, ३ मिलियन हेड ऑफिसचे आणि विक्रीवर ३ टक्के रॉयल्टी घाला, भाव २,५०० धरा. ४ ग्रॅमला वर्षाचे साडेएकोणतीस मिलियन उरतात, ३.४ ला पावणेपंधरा. ग्रेड १५ टक्के घसरला आणि नफा निम्मा झाला! म्हणून मी तरी पहिल्यांदा हेड ग्रेडच (मिलमध्ये जाणाऱ्या दगडाचा ग्रेड) बघतो, बाकी सगळं नंतर.

मिलवाला:
वरचं सगळं बरोबर, पण ग्रेड घसरतो कसा तेही कळायला हवं. मी बरीच वर्षं एका खाणीच्या अ‍ॅसे लॅबमध्ये (नमुन्यात सोनं किती ते तपासतात तिथे) काढलीत. सोन्याची शिर (दगडातला सोनं असलेला पट्टा) एक मीटर रुंद आणि ९ ग्रॅमची असली तरी मशीनला आत शिरायला दीड मीटर तरी जागा लागते, मग बाजूचा अर्धा मीटर रिकामा दगडही त्याच ट्रकमध्ये येतो आणि मिलच्या पट्ट्यावर पोचतो तो ६ ग्रॅमचा माल. याला डायल्यूशन म्हणतात. नमुना वितळवल्यावर भट्टीतल्या कपातून निघणारा सोन्याचा मणी बघूनच आम्हाला कळायचं की आज शिर निमुळती झालीय, तो टाचणीच्या डोक्याहून बारीक दिसायचा. तेव्हा रिझर्व्हचा (कंपनी खाणीत काढण्याजोगा आहे म्हणते त्या मालाचा) ग्रेड आणि मिलचा ग्रेड शेजारी शेजारी लिहा, आणि सलग तीनचार तिमाही फरक दिसला तर रिझर्व्हच्या आकड्यावर विसंबू नका.

ताळेबंदवाली:
कॅश कॉस्टवर तर अजिबात जाऊ नका. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने २०१३ मध्ये ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट आणली ती यासाठीच, की कॅश कॉस्टमध्ये बोगदे पुढे नेणं, मशिनरी बदलणं, हेड ऑफिस हे येतच नव्हतं. पण त्यातही इन्कम टॅक्स, कर्जाचं व्याज आणि नव्या खाणीचा भांडवली खर्च नसतो, आणि छोट्या कंपनीचे पैसे नेमके तिथेच जातात. बायप्रॉडक्ट क्रेडिटही तपासा, चांदी किंवा तांबं विकून आलेले पैसे खर्चातून वजा केले असतील तर कॉस्ट उगाच कमी दिसते. आणि दादा, शेअरची एकूण संख्या दोन वर्षांपूर्वी किती होती ते बघितलंत का? नफा प्रति शेअर मोजा, नाहीतर कंपनी वाढतेय असं वाटेल आणि तुमचा वाटा मात्र पातळ होत असेल.

नवशिका_गुंतवणूकदार:
खूप आभार सगळ्यांचे, रात्री बसून काढलं. रिझर्व्ह ४.१ ग्रॅम दाखवलाय आणि मागच्या चार तिमाहीत मिलचा ३.८, ३.६, ३.५, ३.४ 😟 चांदीचे पैसेही वजा केलेले निघाले. शेअरची संख्या मोजायचीय अजून, ती काढून उद्या इथेच टाकतो.