मदत हवी आहे : हल्ल्याच्या वेळी सामान्य माणसाच्या हातात शस्त्र असावं का?

नमस्कार मंडळी. या विषयावर एक लेख लिहितेय आणि एका मुद्द्यावर अडले आहे.

जुलै 2022 मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये गोळीबार सुरू झाला. तिथल्या एका सशस्त्र तरुणाने हल्लेखोराला काही सेकंदांत ठार केलं. तरीही तिघांचा जीव गेलाच. त्याआधी, जून 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या अर्वाडात अशाच एका नागरिकाने हल्लेखोराला रोखलं, पण पोलिसांनी त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. हे वाचून मी फार अस्वस्थ झाले.

दुसरीकडे ब्रिटन. 1996 च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर तिथे खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. 2019 मध्ये लंडन ब्रिजजवळ चाकूहल्ला झाला, तेव्हा लोकांनी अग्निशामक नळकांडं आणि नारव्हाल नावाच्या देवमाशाचा लांब सुळा घेऊन हल्लेखोराला अडवलं. धैर्य दोन्हीकडे तेवढंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा 1791 पासून घटनेतला हक्क आहे, तर ब्रिटनमध्ये स्वसंरक्षणासाठी बंदूक हवी, हे परवान्याला सहसा पुरेसं कारणच नसतं.

इतका फरक कशामुळे? इतिहासामुळे, की पोलिसांवरच्या विश्वासामुळे? दोन्ही देशांत राहिलेल्यांनी तिथली माणसं याबद्दल काय बोलतात ते कृपया सविस्तर लिहा. नुसता 'बंदी हवी' किंवा 'नको' असा कौल नकोय. पोलीस वा कायद्याच्या क्षेत्रातलं कुणी असेल तर एक विचारायचंय : गोंधळात हल्लेखोर कोण आणि वाचवणारा कोण, हे ओळखायचं प्रशिक्षण कसं देतात?