पीएच.डी.साठी मदत हवी आहे : गावकीच्या खोल्या आणि मुंबईकर मंडळांच्या जुन्या वह्या

नमस्कार मंडळी,

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. कोर्सवर्क झालं, आता फील्डवर्क चालू आहे. विषय आहे गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेले पुरुष गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागी आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. गोव्याच्या लोकांचे कूड याच धर्तीचे, पण त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. आपल्या खोल्यांवर मला त्या मानाने फार कमी सापडतं.

मला नुसत्या आठवणी गोळा करायच्या नाहीत. खोलीत जागा कोणाला मिळायची आणि कोणाला नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. नाव 'ग्रामस्थ मंडळ' असलं तरी ते पुष्कळदा एका वाडीचं किंवा एका भावकीचं असतं, आणि बौद्धवाडीचं मंडळ वेगळं. म्हणजे गावातली वाड्यांची रचना मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीतही तशीच उतरली का? की गिरणीतल्या खात्याने आणि युनियनने ती थोडी सैल केली? 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर वर्गणी थकलेल्या माणसाला खोलीने सांभाळलं की गावी पाठवलं? याची उत्तरं मंडळाच्या हिशेबाच्या आणि सभेच्या वह्यांतच मिळतील असं मला वाटतं, कारण तोंडी सांगताना सगळेच 'आमच्यात तसं काही नव्हतं' म्हणतात.

अडचण अशी की या वह्या माळ्यावर, कुणाच्या तरी ट्रंकेत असतात आणि चाळ रिकामी करताना रद्दीत जातात. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींचंच बघा. 1920 च्या दशकातल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून लोक पुनर्विकासात 500 चौरस फुटांच्या घरांत जात आहेत. त्यांना चांगलं घर मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण सामान बांधण्याच्या घाईत जुनी वही कोण जपणार? शिवाय नव्या घरासाठीच्या पात्रतेचा विषय नाजूक. मी माझी वही उघडली की पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही म्हाडाकडून आलात का?'

तुमच्या घरी, गावच्या मंडळात अशा वह्या, पावतीपुस्तकं, अहवाल असतील तर कृपया कळवा. मी त्या घेऊन जाणार नाही. तुमच्यासमोर फोटो काढीन आणि एक प्रत मंडळाला देईन. नावं प्रबंधात बदलीन.

नोंदणीकृत मंडळांचे जुने हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कुणी मिळवले आहेत का? अर्ज कसा केला, किती मागचे कागद मिळाले? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची कागदपत्रं कुणी पाहिली असतील, तर भाडेकरूंच्या नोंदी कुठल्या मालिकेत शोधाव्यात?

आणखी एक. खोलीत बायका राहत नसत, पण गावी राहिलेल्या बायकोचं घर मनीऑर्डरवर चालायचं. अशा आजी आता थकल्या आहेत, म्हणून त्यांच्याशी आधी बोलायचं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कुठेही येईन. ओळख करून देणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.