प्रतिसाद: जुन्या ट्रकचा मूळ रंग

जुन्या ट्रकच्या फिकट पडलेल्या केबिनचा मूळ रंग परत आणायला सरसकट रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळवणारी पेस्ट) मारावे, असे या चर्चेत सुचवले आहे, ते मला अर्धेच पटते. आधी पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एखादा कोपरा घासून पाहावा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंगावर क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) नाही आणि चकाकी बहुधा परत येते, पण फडके रंगले नाही आणि हा पारदर्शक थर पोपडे धरून सुटत असेल, तर घासणे व्यर्थ आहे. माझ्या जुन्या ट्रकच्या काचेच्या रबराजवळ रंगाखालच्या गंजाने टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा आला होता, त्यावर मी नुसताच रंग फिरवला आणि एका पावसाळ्यात तो रुपयाएवढा झाला (आतला गंज तसाच होता). दुसऱ्या खेपेला पत्रा उघडा पडेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, प्रायमर दिला आणि मगच रंग लावला.