'क्षय', 'अहोरात्र' आणि 'क्षयाह'

कोरांटी : पंचांगात एखाद्या तिथीपुढे 'क्षय' असतं, एखादीपुढे वेळेच्या जागी 'अहोरात्र'. क्षय म्हणजे ती तिथी त्या पंधरवड्यात होतच नाही का? आणि श्राद्धातला 'क्षयाह' यातलाच का?

घटिकापात्र : होते, पुरती होते. चंद्र सूर्यापासून १२ अंश सरकला की एक तिथी. त्याला कधी २० तास पुरतात, कधी पावणेसत्तावीस लागतात. दिवसाला नाव मात्र सूर्योदयाच्या तिथीचं. सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधी संपली, तर तिला स्वतःचा वार मिळत नाही; तो क्षय. दोन सूर्योदय पाहिले तर वृद्धी. वृद्धीच्या पहिल्या दिवशी समाप्तीच नसते, म्हणून 'अहोरात्र'. 'अहोरात्र झटणे'शी गल्लत नको; इथे मोजमाप सूर्योदय ते सूर्योदय इतकंच.

उंबर : ज्या दिवसाला तीन तिथी शिवतात तो 'अवम', आणि तीन दिवसांना शिवणारी तिथी 'त्रिद्युस्पृक्'. मुहूर्ताला दोन्ही वर्ज्य. चांद्रवर्षात तिथी ३६०, दिवस सुमारे ३५४. तेव्हा वृद्धीपेक्षा क्षय साधारण सहाने जास्त येणारच.

घटिकापात्र : आणि क्षय गावागणिक बदलतो! जानेवारीतलं कल्पित उदाहरण घ्या. पंचमी रविवारी ७:३० ते सोमवारी ७:००, षष्ठी तिथून मंगळवारी ६:२० पर्यंत. नागपूरचा सूर्योदय ६:५० धरला, तर सोमवार पंचमी, मंगळवार सप्तमी, क्षय षष्ठीचा. मुंबईचा ७:१२ धरला, तर रविवार चतुर्थी, सोमवार षष्ठी, क्षय पंचमीचा. तिथी संपण्याचा क्षण दोन्हीकडे एकच. काही पंचांगं ही षष्ठी सोमवारच्या ओळीत ३०:२० अशी छापतात. त्यातून २४ वजा करायचे. ती छापण्यातली चूक समजू नये.

कोरांटी : मग क्षयतिथीचं श्राद्ध, व्रत कधी?

उंबर : कर्मकाळ, म्हणजे ते कर्म करायची ठरलेली वेळ, बघायचा. पार्वण श्राद्धाला अपराह्ण (दुपारनंतरचा काळ), संकष्टीला चंद्रोदय. वरच्या उदाहरणात पंचमीचं श्राद्ध रविवारी, षष्ठीचं सोमवारी, दोन्ही शहरांत. नागपुरात सोमवारवर 'पंचमी' छापलेलं बघून त्या दिवशी पंचमीचं केलं, तर अपराह्णी षष्ठी चालू असते. नेहमीची चूक हीच.

'क्षयाह' मात्र दुहेरी शब्द आहे. गणितात तो अवम दिवस, धर्मशास्त्रात मृत्यूचा दिवस. म्हणून वार्षिक श्राद्धाला क्षयाह श्राद्ध. त्याचा तिथी गळण्याशी संबंध नाही.

पिंपळपान : तिथीच्या लांबीचं 'बाणवृद्धी रसक्षय' हे वचन राहिलंच. बाण ५, रस ६; ६० घटींहून (घटी म्हणजे २४ मिनिटं) ५ जास्त किंवा ६ कमी. तिथी फार तर ६५ घटी, कमीत कमी ५४. म्हणजे २६ तास आणि २१ तास ३६ मिनिटं.

घटिकापात्र : ते जुन्या गणिताचं. दृक्पंचांगातल्या (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताच्या पंचांगातल्या) तिथी दोन्ही टोकांना ही मर्यादा ओलांडतात, म्हणून त्या वचनावरून पंचांग चुकलं म्हणू नये.